सरकीची पंचेचाळीस चित्रे आणि एक तिरपी रेघ

मुलांनो, डोळे मिटू नका, नाहीतर पुढचे वाचता येणार नाही. पण कल्पना मात्र करा. तुम्ही मुंगीहून लहान झाला आहात आणि कापसाच्या एका सरकीवर उभे आहात. सरकी म्हणजे कापसाचे बी. हे मी लांबच्या मुलांसाठी सांगतो. आमच्या आंजी गावातल्या मुलांना सांगितले तर ती माझ्याकडे काळजीने पाहतील. फूल आज सकाळीच उमलले आहे आणि तुमच्या पायाखालची जमीन सारवलेल्या अंगणासारखी सपाट आहे. उद्या त्या जमिनीवर, थंडीने अंगावर काटा यावा तसे, बारीक फुगवटे येतील. चौथ्या दिवशी त्यांचे गवत होईल, तुमच्या घोट्यापर्यंत. दहाव्या दिवशी तुम्ही त्या गवतात हरवाल. विसाव्या दिवशी मान कितीही वर केली तरी शेंडा दिसणार नाही. आणि पंचेचाळिसाव्या दिवशी बोंड फुटेल, वरून ऊन आत येईल, आणि आपण इतके दिवस कापसात उभे होतो हे तुम्हाला कळेल.

हे सगळे आमच्या गावच्या सातवीतल्या एका मुलीने पाहिले आणि रोज एक अशी त्याची पंचेचाळीस चित्रे काढली. आता दुसरी कल्पना करा. ही जरा अवघड आहे. ती पंचेचाळीस चित्रे एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता नाहीशी झाली. आणि ती नाहीशी करणारा माणूस चौतीस वर्षे विज्ञान शिकवून, नारळ आणि शाल घेऊन निवृत्त झालेला शिक्षक होता. त्याचे नाव हरिभाऊ. म्हणजे मी.

हे शेवटचे वाक्य मी आज बिनदिक्कत लिहितो आहे. त्या रविवारी मी ते कोणालाही सांगितले नव्हते.

गोष्ट दोन हजार तीन सालची. माझा मुलगा मिहिर पुण्याला नोकरीला. त्याने आपला जुना संगणक मला पाठवला आणि सोबत परदेशातून आणलेला एक छोटा सूक्ष्मदर्शक. त्याला डोळा लावावा लागत नसे. त्याची तार संगणकाला जोडली की भिंगाखालची वस्तू साठपट मोठी होऊन पडद्यावर दिसे आणि बटण दाबले की तिचे चित्र साठवले जाई. खोक्यावर 'सहा वर्षांवरील मुलांसाठी खेळणे' असे इंग्रजीत छापलेले होते. तेवढा तुकडा मी कात्रीने नीट कापून काढला. कारण शेजारचे पुंडलिकराव, निवृत्त अव्वल कारकून, कोणाच्याही घरी आलेले खोके अथपासून इतिपर्यंत वाचतात. ते आले, त्यांनी खोके वाचले, मग यंत्र उलटे करून त्याच्या बुडाशी छापलेला मजकूर वाचला आणि म्हणाले, "हरिभाऊ, तुमचं वय बसते यात. सहाच्या वरच आहात तुम्ही."

माझी पत्नी सरोजिनी आत हसली. भिंतीपलीकडून हसण्यात जो अपमान असतो तो समोरून हसण्यात नसतो.

पण मयुरी हसली नाही. मयुरी ही आमच्या समोर राहणाऱ्या महादेवरावांची नात. महादेवरावांचे किराणा दुकान, थोडी शेती आणि कापसाची खरेदी. ती यंत्राजवळ आली, फ्रॉकला चिकटलेला कापसाचा धागा काढून तिने भिंगाखाली धरला आणि पडद्याकडे बघत राहिली. धागा पिळलेल्या फितीसारखा दिसत होता.

"गुरुजी, हा बोंडात असताना बी असाच असते का?"

मला उत्तर माहीत नव्हते. चौतीस वर्षांत ज्या प्रश्नांची उत्तरे मला माहीत नव्हती ते फार थोडे होते, कारण मुले ते विचारत नसत. मी म्हणालो, "आपण पाहू." शिक्षकाला याहून चांगले उत्तर सापडलेले नाही.

दोन ऑक्टोबरला शाळेची प्रभातफेरी आटोपून आम्ही महादेवरावांच्या वावरात गेलो. कापसाचे फूल पहिल्या दिवशी पांढुरके असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. त्यामुळे आज उमललेले फूल कोणते, हे ते फूलच सांगते. मयुरीने साठ पांढऱ्या फुलांना लाल दोरा बांधला. साठ अशासाठी, की काही गळतील, काही किडतील, काही माकडे नेतील. मग रोज सकाळी वीज जायच्या आत त्यातले एक बोंड आणायचे, चिरायचे, एक सरकी काढून काळ्या कागदावर ठेवायची आणि चित्र घ्यायचे. वहीत क्रमांक, तारीख, वेळ आणि आभाळ कसे होते ते लिहायचे. आभाळाचा काय संबंध, असे तिने विचारले. मी म्हणालो, असला तर नंतर कळेल, नसला तरी नंतरच कळेल.

महादेवरावांना हे पसंत नव्हते. "गुरुजी, कापूस विकाचा असते, पाहाचा नसते," ते म्हणत. "साठ बोंडं कच्ची तोडून राह्यली पोरगी. अन् वरून मले म्हनते का दोरा द्या."

पण दोरा त्यांनी दिला होता. दुकानातला चांगला, न तुटणारा.

पंधरा नोव्हेंबरला पंचेचाळिसावे चित्र झाले. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चित्रांचा संच पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे अठ्ठावीस तारखेला, द्यायचा होता. आमच्या शाळेतून तिथे आजवर कोणी गेले नव्हते. तेवीस तारखेच्या रविवारी मी एकटाच संगणकासमोर बसलो होतो. चित्रांच्या संग्रहाला यंत्राने आपल्या मनाने 'बिननावाचा एक' असे नाव दिले होते, आणि ते मला पाहवेना. पंचेचाळीस सकाळींच्या कामाला नाव नको? मी वहीवर घालतो तसे, रीतसर, सगळे पूर्ण असलेले नाव घालायला बसलो: कुमारी मयुरी, वडिलांचे नाव, आडनाव, इयत्ता सातवी, मुक्काम पोस्ट आंजी मोठी, तालुका जिल्हा वर्धा, विषय कापसाच्या तंतूची वाढ, मार्गदर्शक (हे मी अगदी लहान अक्षरांत घातले असते, पण त्या यंत्रात लहान अक्षर नव्हते) श्री. हरिभाऊ, आणि शेवटी तारखा, दोन तिरपी रेघ दहा तिरपी रेघ दोन हजार तीन ते पुढे सगळे. इंग्रजी अक्षरे शोधत टंकायला मला पंचवीस मिनिटे लागली. मी मोठी कळ दाबली.

पडदा पांढरा झाला. बाण वाळूच्या घड्याळासारखा झाला. मग एक चौकट आली. तिच्यात लिहिले होते की या कार्यक्रमाने काहीतरी अवैध काम केले आहे आणि तो बंद होत आहे. अवैध! माझ्या घरात! मी कार्यक्रम पुन्हा उघडला. संग्रहाची यादी कोरी होती.

त्याच वेळी दारातून मयुरी आली. "गुरुजी, झालं का नाव लिवून?"

आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

मुलांनो, मोह याला म्हणतात. मी म्हणालो, "वीज गेली ना, चित्रं उडाली बहुतेक." यातले प्रत्येक वाक्य खरे होते. फक्त त्यांचा क्रम खोटा होता. आमच्याकडे भारनियमनावर ढकललेली गोष्ट कोणी तपासत नाही. मयुरी वही घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

बातमी अर्ध्या तासात गावभर झाली आणि सल्ले सुरू झाले. सरोजिनी म्हणाली, बंद करून पुन्हा सुरू करा. वीज आल्यावर मी ते अकरा वेळा केले. बाराव्या वेळी तिनेच हात जोडले. महादेवराव दुकान सोडून आले, त्यांनी संगणकाच्या पेटीवर हात फिरवला, कापसाच्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावे तसा, आणि निदान केले.

"ओल धरली यानं."

"महादेवराव, हे यंत्र आहे."

"यंत्र असो का कापूस असो. ओल धरली का माल खराब. तुमची खोली उत्तरेकडची. दोन दिवस कडक ऊन द्या, आपोआप मोकळं होते."

मी शास्त्रीय दृष्ट्या विरोध केला. पण खोटे बोललेल्या माणसाच्या विरोधाला जोर नसतो. सोमवारी सकाळी त्यांनी पेटीचे झाकण उघडून ती आपल्या गच्चीवर, वेचून आणलेल्या कापसाशेजारी, चादरीवर ठेवली. दुपारी तिच्यात मांजर बसलेले आढळले. संध्याकाळी पेटी परत आली. गरम होती, मोकळी झाली नव्हती, आणि सुरू केल्यावर पिंजाऱ्याच्या धनुष्यासारखा आवाज करत होती.

"आवाज तरी सुटला," महादेवराव समाधानाने म्हणाले.

मंगळवारी पुंडलिकरावांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या मते जगातली कोणतीही अडचण अर्ज न केल्यामुळे टिकून राहते. त्यांनी स्वतः मुदतवाढीचा अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि मला वर्ध्याला प्रदर्शनाचे काम पाहणाऱ्या कचेरीत नेले. टेबलामागच्या गृहस्थांनी तिन्ही प्रती वाचल्या. तिन्ही सारख्या आहेत याची खात्री झाल्यावर ते म्हणाले, "फोटो हरवले म्हणता. हरवल्याचा दाखला कुठे आहे?"

पुंडलिकरावांचे डोळे चमकले. त्यांना कित्येक वर्षांनी आपला माणूस भेटला होता. आम्ही तसेच पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी वही उघडली.

"काय हरवलं?"

"पंचेचाळीस चित्रे."

"कुठून?"

"संगणकातून."

"संगणक चोरीले गेला का?"

"नाही. घरी आहे."

"कुलूप तोडलं?"

"नाही."

"मंग घरात कोन आलतं?"

"कोणीच नाही. मी एकटाच होतो."

हवालदारांनी पेन टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे फार शांतपणे पाहिले. "काका, घरी कोनी आलं नाई, काई गेलं नाई, तुमी एकटेच होते. मंग मी नाव कोनाचं लिवू?"

चौतीस वर्षांत मी हजारो मुलांना उभे करून प्रश्न विचारले, पण असा नेमका प्रश्न मला विचारता आला नव्हता. मी पुंडलिकरावांचा दंड धरून त्यांना बाहेर आणले. ते मात्र चौकीच्या पायरीवर थांबून म्हणत होते, "अहो, निदान अर्ज पोचल्याचा शिक्का तरी..."

बुधवारी सकाळी मयुरी तिच्या घरी नव्हती. शाळेला तर अजून वेळ होता. मी वावरात गेलो. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, वेचणी सुरू होती आणि ती ओळींमधून वाकून चालत होती. लाल दोरे शोधत होती. साठातले पंधरा जास्तीचे होते; त्यातले दोनच झाडावर उरले होते आणि दोन्ही बोंडे फुटून पांढरी झाली होती.

"गुरुजी, हे पंचेचाळिसावं होईन," ती म्हणाली. "पन पयलं कुठून आनाचं? आता पांढरी फुलं हायेत थोडी. आज दोरा बांधला तर जानेवारी लागते. शुक्रवारी काय दाखवू मी?" मग जरा थांबून तिने विचारले, "माह्या हातून काही दाबल्या गेलं होतं का? शनिवारी मी बंद करून गेलती. बराबर बंद केलतं, असं वाटते मले. पन आता नक्की आठवत नाई."

मुलांनो, मला वर्गात कधी कोणी छडी मारली नव्हती. त्या वावरात ती बसली. पंचेचाळीस सकाळींत जिच्या वहीत एकही नोंद चुकली नाही, ती आता स्वतःच्या हातावर संशय घेत होती, आणि माझा हात धोतराच्या सोग्यात लपून बसला होता. मी म्हणालो, "चल. वर्ध्याला जाऊ." खरे तेव्हाच सांगायला हवे होते. पण धैर्यालाही तयार व्हायला वेळ लागतो, एसटीला लागतो तेवढा तरी.

एसटीत पेटी गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर होती. कंडक्टरने विचारले, "बाबा, बिमार हाय का लेकरू?" मी गोधडी बाजूला केली. त्याने पाहिले आणि पुढे जाताना म्हणाला, "झाकून ठेवा, हवा लागंन."

वर्ध्याला प्रफुलचे संगणकाचे दुकान होते. पुढे दुरुस्ती आणि मागच्या खोलीत दहाबारा पोरे टंकलेखन शिकत. प्रफुल माझा विद्यार्थी. नववीत विज्ञानात त्याला मी दोनदा उभे केले होते, आणि ते त्याला माझ्याहून चांगले आठवत होते. त्याने पाया पडून पेटी उघडली, आत दोन बोटे घातली आणि पंख्यातून कापसाचा एक लांब पुंजका ओढून काढला.

"गुरुजी, यात तं सरकी बी निंगाली."

"ते जाऊ दे. चित्रं."

मी भारनियमनाची हकीकत सांगितली. ती आता मला तोंडपाठ होती. प्रफुलने पेटी जोडली, सुरू केली, मान हलवली. "काई टेन्शन नाई. फॉरमॅट मारतो. एका तासात कोरी करकरीत."

"फॉरमॅट म्हंजे?" मयुरीने विचारले.

"म्हंजे पाटी पुसाची. मंग सगळं नवं टाकाचं."

"अन् पाटीवर जे असंन ते?"

"ते गेलं."

मयुरीने पुढे होऊन पेटीवर पालथा हात ठेवला. "मंग नाई मारू देत, दादा."

प्रफुलने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, एक सांगू का? लाइट गेल्यानं यादी कोरी होत नाई. लाइटच्या आधी काही झालं असंन. शेवटी कोन बसलं होतं यावर?"

मयुरीची मान खाली गेली. तिला वाटले, आता तिचे नाव निघणार.

"मी," मी म्हणालो.

आणि मग सगळे सांगितले. नाव कसे घातले तेही. प्रफुल म्हणाला, नेमके काय घातले ते म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवले, कुमारीपासून तिरप्या रेघांपर्यंत. मागच्या खोलीतले टंकलेखन थांबले होते. 'मुक्काम पोस्ट' आले तेव्हा पहिला हसला. 'मार्गदर्शक' आले तेव्हा सगळे. प्रफुल हसला नाही, पण त्यासाठी त्याने टेबलाखाली पडलेले काहीतरी बराच वेळ शोधले.

"गुरुजी," तो वर येत म्हणाला, "नावात तिरपी रेघ चालत नाई. यंत्राले वाटते का तुमी पत्ता सांगून राह्यले. एवढ्या चार रेघा, म्हंजे त्यानं चार घरं शोधली अन् चक्कर येऊन पडलं."

मयुरीने हसणाऱ्यांकडे पाहिलेही नाही. तिने वही उघडली होती. "गुरुजी, नाव किती वाजता टाकलं?"

"साडेआठ."

तिने ते लिहिले. रागावली नाही, रुसली नाही. खाली गेलेली मान मात्र वर आली आणि मग दिवसभर वरच राहिली. मला इतके हलके वाटले की मी त्या हसणाऱ्या पोरांना चहा सांगितला.

"म्हंजे फोटो पुसले नसतीन," प्रफुल आता गंभीरपणे बोलत होता. "यादी बिघडली. माल गोदामातच हाय. पन गोदामात वीस हजार फाइली हायेत, अन् या यंत्रानं फोटोले कोनती नावं ठेवली, कोनाले माहीत?"

"फाइलीले तारीख राह्यते का?" मयुरीने विचारले.

"राह्यते ना."

"मंग दोन ऑक्टोबर काढा."

प्रफुल तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने शोधाची चौकट उघडून तारीख घातली. सात फाइली आल्या. सहा किरकोळ होत्या. सातवी वजनदार होती, तिचे नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरे, आणि तिची वेळ सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मयुरीने वहीवर बोट ठेवले. आठ वाजून दहा मिनिटे, आभाळ स्वच्छ.

ती फाइल उघडेना. प्रफुल म्हणाला, हिच्या नावाचे शेपूट बदलून चित्राचे लावून पाहतो.

"दादा, आधी हिची दुसरी काढा. खऱ्याले हात नोका लावू."

हे मी तिला शिकवले नव्हते. हे लिहून ठेवतो, कारण मार्गदर्शक म्हणून माझे नाव लागले आहे आणि नसते श्रेय मला नको. प्रफुलने प्रत काढली, शेपूट बदलले, कळ दाबली. पडदाभर एक राखाडी, सपाट काहीतरी पसरले.

"हे का हाय? चिखल दिसून राह्यला," प्रफुल म्हणाला.

"पयला दिवस हाय तो," मयुरी म्हणाली.

तीन ऑक्टोबर. फुगवटे. पाच ऑक्टोबर. गवत. दहावा दिवस आला तोपर्यंत मागची पोरे टंकलेखन सोडून आमच्या मागे उभी होती आणि मोठ्याने मोजत होती. मयुरी तारीख आणि वेळ वाचे, प्रफुल शोधे, चित्र उघडे, आणि दर वेळी गवत थोडे वाढलेले असे. ज्या मुलीने आपल्या आजोबांच्या दुकानात कधी मोठ्याने भाव सांगितला नव्हता, ती वर्ध्याच्या दुकानात दहाबारा मोठ्या मुलांना सांगत होती, "हा एक धागा म्हंजे एकच पेशी हाय. एवढी लांब." मी मागच्या स्टुलावर बसलो होतो. शाल आणि नारळ मला निवृत्तीच्या दिवशी दिले होते. ते चार-पाच वर्षे लवकर दिले असे मला वाटले.

बावीस चित्रे झाली. तेविसावे उघडले, आणि मोजणारी पोरे अडखळली.

पडद्यावर समांतर वळणदार टेकड्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या दऱ्यांत पिवळे धोंडे अडकले होते.

"हे तं नांगरलेलं वावर हाय," एक पोरगा म्हणाला.

चोवीस ऑक्टोबर. नरकचतुर्दशी. त्या एका दिवशी मयुरी आजोळी हिंगणघाटला गेली होती आणि प्रयोग माझ्या स्वाधीन होता. मी पहाटे अभ्यंगस्नान करून, चष्मा देवापाशी विसरून बसलो होतो. वहीत माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते: 'चित्र उत्तम आले.' त्यावर विसंबून ते कोणी पुन्हा उघडले नव्हते.

मयुरीने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिले. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "हा आंगठा हाय. अन् हे उटणं."

सरकी भिंगाखाली धरता धरता मी भिंगाखाली काय धरले होते ते अख्ख्या दुकानाने साठपट पाहिले. एका दिवसात माणसाचा किती अपमान व्हावा याला काही मर्यादा असावी, असे मला वाटे. ती नसते.

बाकीची बावीस चित्रे नीट निघाली.

गुरुवारी दुपारी आमच्या ओट्यावर मोठे पुठ्ठे पसरले होते, छापून आणलेली चित्रे ओळीने मांडली होती आणि सगळे जमले होते. महादेवराव दुकानातून उठून आले. आधी उभ्याउभ्या पाहिले, मग बसले, मग चष्मा लावला. एकेका चित्रावर बोट ठेवत ते पुढे सरकत गेले आणि पंचविसाव्यापाशी थांबले.

"मयुरे, इथपावतर वाढला धागा. याच्या पुढं सारखाच दिसून राह्यला. मंग पुढचे वीस दिवस बोंड काय करते?"

"आबा, लांब व्हाचा थांबला का मंग तो आतून भरते. जाड होते. मजबूत होते."

महादेवरावांनी पंचविसाव्यावरचे बोट शेवटच्या चित्रापर्यंत नेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, हाताच्या बोटानं कापूस ओळखून राह्यलो गुरुजी. लांबी पाह्यतो, ताकद पाह्यतो. पन हे आधी अन् ते मंग, हे मले कोनी सांगितलं नाई." आणि पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात केली.

राहिला तो तेविसावा चौकोन. तो नेमका धाग्याची वाढ थांबण्याच्या दिवसांतला, म्हणून नुसता टाकूनही देता येईना.

"बाविसाव्याचाच आनखी एक लाव," महादेवरावांनी सुचवले. "कोनाले समजते?"

"नियमात दिवसांची संख्या कुठंच नाही," पुंडलिकराव कागद चाळत म्हणाले. "पंचेचाळीसऐवजी चव्वेचाळीस लिहा. पाहिजे तर मी टिप्पणी लिहून देतो."

"म्हणजे ह्यांचा अंगठा जिल्ह्याला दिसायला नको ना?" सरोजिनी आतून म्हणाली. "मी पस्तीस वर्षं पाहते आहे. आता लोकांनी पाहिला तर काय बिघडलं?"

मी शक्य तितक्या प्रतिष्ठेने म्हणालो, की तो चौकोन कोरा ठेवून खाली 'चित्र मिळाले नाही' असे लिहावे; त्यात असत्य काही नाही. बोलतानाच मला जाणवले की यातलेही प्रत्येक वाक्य जवळजवळ खरेच आहे.

मयुरीने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग तिने बाजूला ठेवलेले ते टेकड्यांचे चित्र उचलले, मागून डिंक लावला आणि तेविसाव्या चौकोनात चारी कोपरे दाबून चिकटवले. स्केचपेन घेतले. खाली ठळक अक्षरात लिहिले: 'दिवस तेविसावा. सरकी दिसत नाही. गुरुजींचा अंगठा, उटण्यासह. साठपट.'

मग पेन हवेत धरून तिने माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, उजवा का डावा?"

"उजवा," मी म्हणालो.

आणि तिने 'अंगठा'च्या वर, दोन शब्दांच्या मधे, काकपद घालून 'उजवा' लिहिले.